सातव्या प्रश्नाची फेरतपासणी

दादा पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत आहे, त्यामुळे जगातलं सगळं शास्त्र आपल्याच काचनळीतून वाहतं अशी त्याची समजूत आहे. माझ्या समाजशास्त्राला तो ‘चौकशा’ म्हणतो. “शितावरून भाताची परीक्षा, आणि शीत निवडणारीही तूच,” असं त्याचं ठरलेलं वाक्य.

प्रबंधासाठी मी आमच्याच इमारतीतली चाळीस घरं घेतली होती. प्रत्येक घरात एकाला बारा प्रश्न. सातवा असा: मनातलं सांगावं असं तुम्हाला कोणी आहे का? अडतीस जणांचं उत्तर ‘हो’. मी खूश, पण माझ्या मार्गदर्शक बाई नाहीत.

“इतकं गोड मला पचत नाही,” त्या म्हणाल्या. “चिठ्ठ्या टाकून दहा घरं काढ, तिथे अनोळखी माणूस पाठव. जुळलं नाही, तर पुन्हा पहिल्यापासून.”

म्हणजे दोन वर्षांचं मुसळ केरात. बाईंची दुसरी एक विद्यार्थिनी जाऊन आली. दहापैकी सहा घरांत ‘हो’चं ‘नाही’ झालं होतं.

दादाच्या हाती आयतं कोलीत मिळालं. “पाणी मी तपासलं काय, आमच्या शिपायानं तपासलं काय, क्षार तेवढेच भरतात. तुझं माप धरणाऱ्यागणिक बदलतं. हे कसलं शास्त्र?”

राग आला, पण खरं सांगायचं तर कुतूहल त्याहून जास्त होतं. माणसं खोटं बोलली ती माझ्याशी, की तिच्याशी? मी कागद लावत बसले. त्यांवर नावं नव्हती, नुसते घरांचे क्रमांक. सहा ‘नाही’मध्ये चौदा होता. चौदा म्हणजे आमचं घर, आणि उत्तर देणारी आई.

दादाला काही बोलले नाही. गुप्ततेचा शब्द मी सगळ्यांनाच दिला होता, त्यात आईही आली. ती स्वयंपाकघरात मटार सोलत होती.

“त्या मुलीला तू वेगळं उत्तर दिलंस,” मी म्हटलं.

“दिलं की.”

“मग मला का नाही?”

“अगं, ती विचारून थांबली,” आई म्हणाली. “तू प्रश्न वाचता वाचताच ‘हो’वर खूण केलीस. उगीच खाडाखोड कशाला करायला लावू तुला?”

मला लाज वाटली. चाळीसही घरं लहानपणापासून ओळखीची. अशी घाई मी आणखी किती ठिकाणी केली असेल? पण ते नंतर. मी तिच्यासमोर बसले आणि सातवा प्रश्न पुन्हा विचारला. आईनं दोन शेंगा सोलल्या, तिसरी हातात तशीच राहिली. मी गप्प बसून राहिले.

“वेळ आहे ना तुला?” ती म्हणाली. “बरंच आहे सांगायचं.”