देवाशी अबोला

पाळकसाहेब म्हणाले, ‘‘ते प्रभूमध्ये निजले आहेत.’’ मी म्हटलं, निजलेला माणूस घोरतो, निदान आमचे हे तरी घोरायचे. पाळकसाहेबांनी घसा खाकरला आणि चहाचा कप उचलला. नणंदेने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी भर प्रार्थनेत शिट्टी वाजवली होती.

त्या दिवसापासून मी देवाशी अबोला धरला. उगाच नाही. आमचे हे सकाळी बूट घालायला वाकले ते पुन्हा वर आलेच नाहीत. एक बूट पायात, दुसरा हातात. देवाचा कुणी वैरी असता तर मी समजू शकले असते. ह्यांनी तर जन्मभर त्याची फुकट वकिली केली. धंद्याने वीजमिस्त्री. लोकांच्या घरी जायचे, मेन स्विच बंद करायचे आणि अंधारात येशूबद्दल बोलायला लागायचे. लोक ऐकून घ्यायचे, न ऐकून करतात काय, पंखा बंद असायचा. त्यातल्या किती जणांनी विश्वास धरला ते मला माहीत नाही, पण दुसऱ्यांदा बोलावणारी गिऱ्हाइकं मोजकीच होती.

भेटायला येणारा जो तो सांगायचा, देवाला चांगली माणसं लवकर हवी असतात. मी विचारायचे, त्याच्याकडे चांगल्या माणसांची एवढी रांग लागलीय, त्यात एक वीजमिस्त्रीच कमी पडला होता का? मग येणाऱ्यांची संख्या आटोक्यात आली.

नणंद मात्र हटली नाही. भाऊ तिचा गेला होता, रडून रडून तिचेही डोळे सुजले होते, पण तिचं रडणंसुद्धा गुडघ्यांवर बसून असायचं. जेवणाआधी ती डोळे मिटून आभार मानायची, तोवर मी वाढून घ्यायचे.

‘‘वहिनी, अगं थोडं तरी बोल त्याच्याशी,’’ ती म्हणायची. ‘‘राग असेल तर राग सांग.’’

‘‘राग सांगितला म्हणजे बोलणं आलंच की. आणि मी बोलले की त्याला वाटणार, चला, मिटलं. मिटलेलं नाही.’’

खरं सांगायचं तर हा अबोला मलाच जड जात होता. संसारात नवऱ्याची तक्रार करायला मला एकच जागा होती, ती म्हणजे देव. आता नवराही नाही आणि तक्रार ऐकणाराही नाही. पडदे शिवायला बसले की मशीन चालायचं आणि मी सगळं आत कोंडून बसायचे. मला फार एकटं वाटत होतं. पण माघार घेणं माझ्या रक्तात नाही.

अशात दातांच्या दवाखान्यातून फोन आला.

‘‘साहेबांच्या दाताची कॅप तयार आहे,’’ तिथल्या बाई म्हणाल्या. ‘‘गुरुवारी बसवायला पाठवताय ना?’’

‘‘ते देवाघरी गेलेत. कॅपही तिकडेच पाठवून द्या.’’

पलीकडे कुजबुज झाली. मग डॉक्टरांचा आवाज आला. ‘‘मिस्त्री गेले? मला वाटलं, रुसलेत.’’ आणि फोन बंद.

माझं डोकंच फिरलं. नवरा गेलेल्या बाईच्या तोंडावर फोन आपटतात म्हणजे काय? हे डॉक्टर मला ऐकून माहीत होते. आमचे हे दर गुरुवारी संध्याकाळी त्यांच्याकडे जायचे. डॉक्टर देव मानत नाहीत म्हणून ह्यांनी त्यांचं नाव ठेवलं होतं पाखंडी, तेही तोंडावर. घरी रोज सकाळी ह्यांची मोठ्याने प्रार्थना चालायची, त्यात आजारी नातेवाईक, उधळा पुतण्या, मग मी आणि शेवटी, ‘‘प्रभू, त्या पाखंड्याला सांभाळ.’’ मी आणि पाखंडी एका दमात.

गुरुवार आला तशी मी तरातरा दवाखान्यात गेले. बाहेरच्या बाई घरी निघाल्या होत्या. आत डॉक्टर एकटेच, टकले, थोराड, तोंडावरचा मास्क गळ्यात लोंबतोय. त्यांनी मला पेशंटच्या खुर्चीत बसवलं, दुसरी नव्हतीच. बसताक्षणी माझे पाय वर, डोकं खाली आणि डोळ्यांवर दिवा. अशा अवस्थेत कुणाशी भांडता येत नाही.

‘‘आधी हे सरळ करा,’’ मी म्हटलं. ‘‘आणि फोन का आपटलात ते सांगा.’’

त्यांनी खुर्ची सरळ केली. ‘‘रडू आलं, वहिनी,’’ ते म्हणाले.

माझी सगळी तयारी वाया गेली.

‘‘त्यांचे दात उत्तम होते,’’ डॉक्टर स्टुलावर बसत म्हणाले. ‘‘ही एक कॅप सोडली, तर माझ्याकडे यायची त्यांना गरजच नव्हती.’’

‘‘मग दर गुरुवारी काय चालायचं?’’

‘‘माझा उद्धार. ते सुरू झाले की मी म्हणायचो, आ करा. मग मी बोलायचो. देव नाही ह्याचे सगळे पुरावे मी त्यांच्या तोंडात आरसा घालून दिलेत. हात काढला की ते एकेका मुद्द्याचं उत्तर द्यायचे. काही विसरायचे नाहीत, लेकाचे.’’

मी कपाळाला हात लावला. दात किडलेत म्हणून मी नवऱ्याला वर्षानुवर्षं बिनसाखरेचा चहा पाजला. गोडाचा डबा वरच्या फळीवर ठेवला. आणि ह्यांनी ब्र काढला नाही, कारण दात चांगले आहेत म्हटलं असतं तर गुरुवार गेला असता. बिनसाखरेचा चहा पिऊन येशूची सुवार्ता सांगणारा दुसरा माणूस मी तरी पाहिलेला नाही.

‘‘शेवटच्या वेळी मी जास्तच बोललो,’’ डॉक्टर म्हणाले. ‘‘म्हटलं, पुढच्या गुरुवारी तुमच्या देवालाच घेऊन या, त्याचेही दात बघू. ते काही बोलले नाहीत. मग आलेच नाहीत. मला वाटलं, दुखावले.’’

‘‘छे. घरी येऊन पोट धरून हसले. वर मला म्हणाले, पाखंड्याने बोलावणं तर पाठवलं.’’

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला, बराच वेळ पुसला. मग कपाटातून एक पांढरी वस्तू काढून माझ्या हातात दिली. ह्यांच्या दातांचा साचा होता, प्लॅस्टरचा, कॅपसाठी घेतलेला. पुढच्या दोन दातांमधली फट, खालचा तो आडवा सुळा, सगळं जिथल्या तिथे. आमच्या लग्नाच्या फोटोत हेच दात माझ्याआधी दिसतात. मी तो साचा पोटाशी धरला आणि हमसून हमसून रडले. घरात इतक्या लोकांसमोर रडू आलं नव्हतं, ते इथे आलं. डॉक्टरांनी कापसाचा अख्खा गठ्ठा पुढे केला.

रडणं ओसरल्यावर मी म्हटलं, ‘‘बघितलंत ना? तुमचंच खरं. असा माणूस नेतो, तो कसला देव.’’

‘‘मी असं नाही म्हणालो,’’ डॉक्टर म्हणाले. ‘‘मी म्हणतो, तो नाहीच. नेण्याबिण्याचा प्रश्नच येत नाही.’’

‘‘माझ्यासाठी पण नाही. मी बोलणं टाकलंय त्याच्याशी.’’

‘‘तिथेच फरक आहे, वहिनी. मी बोलत नाही कारण तिकडे कुणी आहे असं मला वाटत नाही. तुम्ही रुसलाय. भिंतीशी कुणी अबोला धरतं का?’’

मी विचारलं, ‘‘हे त्यांनी शिकवलं तुम्हाला?’’

‘‘नाही हो, आत्ता सुचलं.’’ डॉक्टर म्हणाले. ‘‘त्यांना सांगायला हवं होतं. केवढे खूश झाले असते.’’

रस्त्यावर कुणीतरी दुकानाचं शटर ओढलं. मी पर्स उचलली, तसे डॉक्टर घाईने म्हणाले, ‘‘एक विचारू? ते रोज सकाळी माझं नाव घ्यायचे म्हणे.’’

‘‘घ्यायचे. पाखंडी म्हणून.’’

‘‘मी चेष्टा करायचो. म्हणायचो, देवाला माझा पत्ता नीट सांगत जा, नाहीतर चुकून दुसऱ्याच डॉक्टरवर कृपा व्हायची. तरी सकाळी दवाखाना उघडताना वाटायचं, घेतलं असेल आतापर्यंत.’’ ते हातमोजे उगाच घालत-काढत होते. ‘‘आता कोण घेतं?’’

‘‘कुणी नाही.’’

‘‘तुमच्या नणंदबाई?’’

‘‘तिला तुम्ही माहीतच नाही.’’

ते मान हलवत राहिले. एवढा थोराड माणूस, दुसऱ्यांचे दात उपटणारा, आणि चेहरा असा की आता ह्यालाच कुणीतरी धीर द्यावा. ‘‘माझा विश्वास बसला असं समजू नका,’’ ते म्हणाले. ‘‘पण कुणीतरी रोज आपलं नाव घेत होतं, ते बंद पडलं. तुमचं भांडण तुमच्यापाशी ठेवा. माझं तेवढं नाव घ्याल का?’’

आली का पंचाईत. नाही म्हणावं, तर ह्यांनी इतकी वर्षं बिनसाखरेचा चहा प्यालेला पाण्यात. हो म्हणावं, तर ज्याच्याशी बोलायचं नाही त्याच्याचकडे शब्द टाकायचा. ह्यांचा मला इतका राग आला. मेले तर मेले, आणि मागे हे काम ठेवून गेले.

‘‘मिटा डोळे,’’ मी म्हटलं.

त्यांनी मिटले. मी मिटले नाहीत. दातांचा साचा मांडीवर होता. मी वर छताकडे, त्या दिव्याकडे बघत सुरुवात केली.

‘‘हे बघ. मी तुझ्याशी बोलत नाहीये, हे आमच्या ह्यांच्या वतीने आहे. हा समोर बसलाय तो दातांचा डॉक्टर. तुला मानत नाही. पण माझ्या नवऱ्याला हा गुरुवारची शेवटची वेळ द्यायचा, दात चांगले असताना. ह्याला सांभाळ. रात्री ह्याला झोप दे. ह्याच्याशी वाद घालायला कुणी नाही, तेव्हा कुणीतरी पाठव, नाहीतर स्वतः ये. ह्याने बोलावलंय तुला.’’

इथे थांबायला हवं होतं. काम झालं होतं. पण तोंड उघडलं होतं आणि मिटेना. ‘‘आणि तू,’’ मी म्हटलं, ‘‘तुला लाज कशी वाटली नाही? दुसरा बूट तरी घालू द्यायचा होतास.’’ मग जे सुरू झालं ते सुरूच झालं. किती वेळ गेला मला कळलं नाही. पाळकसाहेबांनी ऐकलं असतं तर मला चर्चच्या फाटकातही उभं केलं नसतं. कोंडलेलं सगळं बाहेर पडलं. आणि भांडताना मला पहिल्यांदा कळलं की तो ऐकतोय.

दम लागला तेव्हा मी थांबले. डॉक्टर अजून डोळे मिटून, मान खाली घालून बसले होते.

‘‘आमेन म्हणायचं असतं ना?’’ त्यांनी हळूच विचारलं.

‘‘म्हणतात,’’ मी म्हटलं. ‘‘पण ते संपल्यावर. माझं अजून संपलेलं नाही.’’