सृष्टीचा सबूर

मी एक म्हातारं गाढव आहे. हसलात ना, मित्रांनो? हसा. ज्याला काही येत नाही त्याला तुम्ही माझं नाव देता. ज्याची बेइज्जती करायची असते त्याला माझ्या पाठीवर बसवून गावभर फिरवता. तरीही मी माझी हकिकत मान वर करूनच सांगणार आहे.

माझा जन्म देगलूरजवळच्या एका वीटभट्टीवर झाला. भट्टीचा मालक व्यंकटी. त्यानं माझ्या आईला माळेगावच्या जत्रेतून आणलं होतं. नदीतली ओली वाळू पाठीवर घेऊन काठ चढायचा आणि ती भट्टीवर टाकायची, हे आमचं काम. वाळू नसली की विटा. गोणीतून पाणी ठिबकायचं, पाठ सोलून निघायची, जखमेवर राख आणि माश्या बसायच्या. व्यंकटी दुष्ट होता असं मी म्हणणार नाही. त्याला आमच्या पाठीवरचं ओझं दिसायचं, आम्ही दिसत नव्हतो, एवढंच. तिथं मी शिकलो की पाऊल टाकण्याआधी खुरानं दगड चाचपायचा, ट्रकच्या हॉर्नला बिचकायचं नाही आणि वरून विटा कोसळल्या तरी जागचं हलायचं नाही. हललं की ओझं सांडायचं आणि काठी बसायची. हे शिकून आपल्याला काय मिळणार, असं तेव्हा वाटायचं.

पुढं भट्टीवर ट्रॅक्टर आला. धडधाकट गाढवं विकली गेली. माझा पुढचा पाय निखाऱ्यांत पोळला होता, म्हणून मला कुणी घेतलं नाही. व्यंकटीनं गळ्यातली दोरी सोडली आणि मला सडकेवर हाकलून दिलं. मित्रांनो, ओझं वाईट असतं. पण आपली कुणालाच गरज नाही, हे त्याहून जड असतं. मी कचऱ्यातला कागद चघळत सडकेच्या कडेला उभा राहायचो.

तिथंच मला शिवगंगाबाई भेटली. ती रोजमजुरी करणारी, रविवारी गावच्या लहानशा चर्चमध्ये प्रार्थनेला जाणारी बाई. तिच्या पाठीवर तिची मुलगी होती, सृष्टी. सृष्टीचे पाय जन्मापासून अधू. चौथीपर्यंतची शाळा घराजवळच होती. पुढची शाळा मात्र माळापलीकडे, आणि माळावरची वाट सगळी खडकाळ. सरकारी तीनचाकी सायकल मिळाली होती, ती पहिल्याच चढाला दगडांत अडकली. म्हणून आई तिला पाठीवर न्यायची. आता लेक मोठी झाली होती आणि आईची कंबर धरली होती.

शिवगंगाबाईनं माझा पाय उचलून बघितला. "कुणी टाकलं रं तुला?" एवढंच ती बोलली आणि मला घरी घेऊन आली. पायाला हळद, पाठीला करंजाचं तेल, पुढ्यात कडबा. मी दुखण्यानं झटका मारला की ती म्हणायची, "सबूर, सबूर!" तेच माझं नाव पडलं. त्याआधी मला नावच नव्हतं.

मी बरा झालो तेव्हा ती नवऱ्याला म्हणाली, "ह्याच्यावर बसवून नेते सृष्टीला शाळंत."

तिचा नवरा शिवशंकर एका गवंड्याच्या हाताखाली काम करायचा. तो उसळलाच. "येडी झालीस का? पोरीला गाढवावर बसवतीस? लोक म्हणतील, ह्याच्या लेकीची धिंड निघाली!"

"आपला प्रभू राजा असून गाढवावरच बसून शहरात गेला ना? घोडा नव्हता का मिळत त्याला?" ती शांतपणे म्हणाली. "त्याला ज्याची लाज वाटली न्हाई, त्याची मला कामून वाटावी?"

शिवशंकरनं तिला अडवलं नाही. पण पहिल्या दिवशी तो आमच्याबरोबर आला नाही.

आणि झालंही त्याच्या म्हणण्यासारखंच. शाळेच्या फाटकापाशी पोरं ओरडली, "धिंड आली, धिंड आली!" सृष्टीनं माझ्या आयाळीत तोंड लपवलं. तिचे अश्रू माझ्या मानेवर पडले. घरी आल्यावर ती म्हणाली, "आई, मला न्हाई शिकायचं." त्यानंतर काही दिवस ती शाळेत गेली नाही. आई तिला रागावली नाही. संध्याकाळी दिवा लावून नुसती प्रार्थनेला गुडघ्यावर बसायची.

एका संध्याकाळी सृष्टी सरपटत माझ्यापाशी आली. तेलाची वाटी तिच्या हातात होती. माझ्या पाठीवरचे जुने वण तिनं बोटांनी चाचपले. त्यांवर तेल चोळलं. मग हळूच म्हणाली, "तुलाबी लई लागलंय की रे. तरी उभा हायस." मी कान हलवले. मला दुसरं काय येतं?

सकाळी तिनं दप्तर घेतलं आणि मोठ्यानं हाक मारली, "सबूर! चल, उशीर होऊन राहिला!"

त्या दिवशीही पोरं ओरडली. सृष्टी ताठ बसून म्हणाली, "ही धिंड न्हाई, माझी सवारी हाय. चढ कुणाला लागत असंल तर दप्तरं द्या, सबूर नेईल." आधी एकानं दिलं, मग सगळ्यांनीच. थोड्याच दिवसांत मी दप्तरांनी लगडून निघायचो आणि पोरं माझ्या मागं-पुढं चालायची.

दहावीच्या परीक्षेचा दिवस मी विसरणार नाही. आम्ही माळाच्या मधोमध होतो. आभाळ अचानक काळं झालं आणि लिंबाएवढ्या गारा पडू लागल्या. आडोशाला एक झाडसुद्धा नाही. शिवगंगाबाईनं घोंगडी लेकीवर टाकली आणि स्वतः तिला बिलगून उभी राहिली. माझ्या डोक्यावर, पाठीवर गारा आदळत होत्या. पलीकडं बांधलेले बैल दावी तोडून पळाले. मी उधळलो असतो तर सृष्टी खडकावर पडली असती. पण माझ्या अंगावर यापूर्वी विटा पडल्या होत्या, मित्रांनो. मी डोळे मिटले आणि पाय रोवून उभा राहिलो. भट्टीवरची ती सगळी वर्षं कशासाठी होती, ते मला त्या घटकेला कळलं.

गारा थांबल्या. वाट निसरडी झाली होती. मी एकेक दगड चाचपत उतरलो. शाळेचे शिपाई बसलिंगप्पा फाटक लावायच्या बेतात होते. आम्हाला बघून त्यांनी फाटक सताड उघडलं आणि ओरडले, "सबूरला आत येऊ द्या! थेट वर्गापर्यंत!" ओल्या कपड्यांनीच सृष्टी पेपरला बसली.

ती पास झाली. चांगल्या मार्कांनी झाली. आता ती नांदेडला वसतिगृहात राहून शिकते. तिला शिक्षिका व्हायचं आहे.

माळावर आता डांबरी सडक झाली आहे, पोरांना न्यायला रिक्षा येते. माझे दात पडले, गुडघे वाकत नाहीत. मला काहीच काम उरलेलं नाही. परवा जनावरांचा एक व्यापारी दारात आला. "हे म्हातारं कशाला पोसता? देऊन टाका," म्हणाला.

शिवशंकर माझ्यासाठी कडबा तोडत होता. विळा खाली ठेवून तो उठला. "ह्यानं काम केलं म्हणून ठेवलंय असं वाटलं का तुला? ते आमचं हाय म्हणून हाय. तू निघ."

मित्रांनो, माझी वेदना वाया गेली नाही, याचा मला अभिमान आहे. पण काम संपल्यावरही मला कुणी टाकलं नाही, याचा त्याहून जास्त आहे. तुमच्या वाटेवर कुणी पोळलेलं, थकलेलं, हाकलून दिलेलं उभं दिसलं, मग ते जनावर असो की माणूस, तर त्याचा काय उपयोग, असं आधी विचारू नका. आधी त्याचा दुखरा पाय बघा.