निळ्या झाकणाचा डबा

चष्मेवाले स्टुलावरून पडले ते स्वतःच्या हट्टापायी, त्यात दुसऱ्या कुणाचा काडीचा दोष नाही. गाडीच्या कापडी टपाच्या सांध्यांना तेल घालायचं होतं. बायको म्हणाली, स्टूल हलतंय, मी धरते. हे म्हणाले, तू हात लावू नकोस, तुझे हात ओले असतात. मग स्टुलाचं व्हायचं तेच झालं, आणि पडतापडता गाडीला ओरखडा जाऊ नये म्हणून या गृहस्थांनी अंग असं काही चोरलं की सगळा भार डाव्या मांडीवर आला. हाड दोन ठिकाणी मोडलं. गाडीला काही झालं नाही. स्ट्रेचरवर घातल्यावर त्यांनी पहिला प्रश्न गाडीबद्दलच विचारला, हे वेगळं सांगायला नकोच.

गाडी होतीही तशीच, खोटं कशाला बोला. दोनच माणसांची, गडद लाल, लांब नाकाची. टप मागे दुमडला की डोक्यावर नुसतं आभाळ. एकतीस वर्षांपूर्वी एका गोदामात कोंबड्यांच्या खुराड्यामागे ती त्यांना सापडली, तेव्हा तिच्या सीटवर अंडी होती. आठवडाभर चष्म्याच्या दुकानात लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावायची, आणि रविवारी दिवसभर गाडीखाली आडवं व्हायचं, असं त्यांचं आयुष्य गेलं. इंजिन दोनदा उतरवलं, सीटचं चामडं स्वतः शिवलं, रंगाचे अकरा हात दिले. माणूस कामात पक्का होता. गॅरेजमधल्या फळ्यांवर चाळीसेक डबे, आणि प्रत्येक डब्यावर चिठ्ठी चिकटवलेली. हे कशाला लावायचं, कशाला नाही, सगळं त्यांच्या टपोऱ्या अक्षरात. दुकानातल्या तक्त्यावरची असतात तशी ती अक्षरं दहा पावलांवरून वाचता येत.

एकतीस वर्षांत बायको त्या गाडीत सात वेळा बसली. हा आकडा तिचा. त्यांनी कधी मोजलंच नव्हतं. कधी तिचे केस ओले असत, कधी पर्सची कडी चामड्याला लागेल अशी भीती असे, कधी ढग आलेले असत. एकदा तर ती डोक्याला रुमाल बांधून, नटूनथटून फाटकाशी उभी होती. हे गाडी घेऊन बाहेर आले, तिच्याकडे बघून म्हणाले, आज नको, दोघांच्या वजनाने मागची स्प्रिंग बसते, आणि निघून गेले. ती अर्धा तास तशीच उभी होती. नंतर तिने विचारणं सोडून दिलं, आणि ते त्यांच्या लक्षातही आलं नाही.

तर आता हाडात सळई घालून चष्मेवाले वरच्या खोलीत पडले. तीन महिने जिना उतरायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्यांनी पलंग खिडकीला लावून घेतला, कारण खिडकीतून अंगण दिसे आणि अंगणात गाडी दिसे. अशी गाडी नुसती उभी ठेवली की बिघडते. बॅटरी उतरते, रबर सुकतं, टपाच्या कापडाला बुरशी येते. जुन्या गाड्यांच्या मंडळातले दोघंतिघं मदतीला यायला तयार होते, पण चष्मेवाल्यांचा त्यांच्यावर कवडीचा विश्वास नव्हता. हात लावायला म्हणून येतील आणि डोळा ठेवून जातील, असं ते म्हणत. राहिली कोण? बायको.

मग सुरू झाला तमाशा. ती खाली अंगणात, हे वर खिडकीत, आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा आवाज. ब्रश एकाच दिशेने फिरव. अगं, एकाच म्हटलं ना मी, भिंत सारवतेयस का? ओला टप दुमडायचा नाही, शंभरदा सांगितलं. दुमडताना मागच्या खिडकीत सुती फडकं घाल. ती खिडकी काचेची नव्हती, मऊ प्लॅस्टिकची होती, आणि फडकं न घालता घडी पडली की तिला कायमची चीर जाते. तुझ्या डोक्यात काय भुसा भरलाय का, हे तर दिवसातून चारदा. शेजारीपाजारी कामं सोडून ऐकत. बायको हूं की चूं करत नसे. सांगितलेलं सगळं एका वहीत उतरवून घेई.

आणि बघता बघता तिला जमायला लागलं. तिला गाडी आधीपासून चालवता येत होती, आता ती चोक किती ओढायचा हे कानाने ठरवू लागली. टपाची घडी एका दमात घालू लागली. इंजिन चालू ठेवायला म्हणून गल्लीत एक फेरी मारायची होती, ती फेरी आधी पाच मिनिटांची होती, मग वीस मिनिटांची झाली, मग तासाची. एकदा तर चांगली दोन तासांनी परत आली. टप उघडा, केस विस्कटलेले, नाक उन्हाने लाल झालेलं. गाडी लावून उतरली नाही, तशीच बसून राहिली आणि एकटीच हसली. एकोणसाठ वर्षांची बाई.

वर खिडकीत चष्मेवाल्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांनी विचारलं, कुठे उलथली होतीस? ती म्हणाली, तळ्यापर्यंत. इंजिन तापलं असेल. नाही तापलं. मग ब्रेक घासत असतील. नाही घासत. माणसाला खोड काढायला काहीतरी सापडावं ना, तेही सापडेना. त्या दिवशी त्यांनी जेवणाचं ताट मीठ जास्त झालं म्हणून सरकवून दिलं. मीठ बरोबर होतं.

पुढच्या आठवड्यात मंडळाचे सेक्रेटरी भेटायला आले. दाढीवाले, गोड बोलणारे, चष्मेवाल्यांचे जुने स्नेही म्हणायला हरकत नाही. वर येण्याआधी ते अंगणात बराच वेळ रेंगाळले. वर आले ते तब्येतीची चौकशी करायच्या आधीच म्हणाले, इंजिन आजवर इतकं गोड कधी वाजलं नव्हतं, चालती गाडीच शेवटी सुखी असते, वहिनींनी कमाल केली. रविवारच्या वार्षिक मेळाव्यात ही गाडी पहिल्या ओळीत लावायची आणि वहिनींनीच ती घेऊन यायची, असं त्यांनी परस्पर ठरवूनही टाकलं. बावीस मेळाव्यांत चष्मेवाल्यांना पहिली ओळ कधी मिळाली नव्हती.

चष्मेवाले हसले. अहो, न्या की, म्हणाले, तिचीच आहे गाडी. दाढीवाले गेल्यावर त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. आत नुसता जळफळाट चालला होता. आपण एकतीस वर्षं हाडं झिजवली आणि ही दोन महिन्यांत पहिल्या ओळीत जाऊन बसणार, लोक हिला वहिनी वहिनी करणार, आणि आपण इथे बेडपॅनवर. ती गेली तर जग कोसळणार नव्हतं. पण ती जाता कामा नये, एवढं एकच त्यांच्या मनाने घेतलं.

शनिवारी सकाळी बायको गाडी सजवायला बसली. चाकांच्या तारा पुसून झाल्या, चामड्याला मेण लावून झालं. राहिली मागची खिडकी. तिच्यावर वयाने पिवळट झाक आली होती. खालून तिने विचारलं, ही कशाने साफ करू?

चष्मेवाल्यांनी क्षणभरच विचार केला. फक्त खिडकी, त्यांनी स्वतःला सांगितलं. खिडकी नवी बसवता येते, दोन महिन्यांत मागवून मिळते. गाडीला धक्का लागणार नाही, हिची हौस मात्र फिटेल.

"सगळ्यात खालच्या फळीवर निळ्या झाकणाचा डबा आहे," ते म्हणाले. "फडक्यावर घे आणि जोर लावून पूस."

त्या डब्यात थिनर होतं. आयुष्यभर काच आणि प्लॅस्टिक हाताळलेल्या माणसाला थिनरने काय होतं हे माहीत नसणार का? प्लॅस्टिक विरघळतं, दुधासारखं पांढरं होतं, आणि ते पुन्हा कुणाच्या बापाला स्वच्छ करता येत नाही.

ती गॅरेजमध्ये गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. आली तेव्हा तिच्या हातात डबा होता. तिने वर बघितलं.

"हाच ना?"

"हाच."

तिने फडकं भिजवलं आणि खिडकीवरून आडवा हात फिरवला. वीतभर रुंद पांढरा पट्टा उमटला. चष्मेवाले तिच्या किंकाळीची वाट बघत होते. ती रडेल, मग आपण हळहळू, आता उद्याचं राहू दे म्हणू, असं सगळं त्यांनी मनात जुळवून ठेवलं होतं. ती ओरडली नाही. पांढरं होतंय, एवढंच म्हणाली. ते म्हणाले, आधी होतं तसं, पुसत राहा. ती पुसत राहिली. सगळी खिडकी मोतीबिंदू झालेल्या डोळ्यासारखी झाली.

मग ती गाडीला वळसा घालून पुढे आली. डबा बॉनेटवर ठेवला, आणि सावकाश फिरवून त्याची चिठ्ठी वरच्या खिडकीकडे केली. चष्मेवाल्यांची नजर अजून शाबूत होती. त्यांच्याच हातची अक्षरं होती: रंगाला व प्लॅस्टिकला लावू नये.

गॅरेजमध्ये इतका वेळ ती काय करत होती, ते त्यांना आत्ता कळलं. बाई साक्षर होती. चाळीस डब्यांवर चाळीस चिठ्ठ्या लावताना हा विचार त्यांच्या मनाला शिवला नव्हता, आणि आज डबा सांगतानाही शिवला नव्हता. वाचूनच ती बाहेर आली होती. वाचूनच तिने विचारलं होतं, हाच ना म्हणून.

तिने फडकं पुन्हा डब्यात बुडवलं. त्यातून थेंब गळत होते.

"रंगालाही लावू का?" तिने विचारलं. आवाज अगदी रोजचा.

चष्मेवाल्यांनी खिडकीची चौकट घट्ट धरली. तो रंग जुन्या पद्धतीचा होता, थिनरच्या एका हाताने उतरणारा. अकरा हात, प्रत्येक हातानंतर पाण्याने घासलेले, एक अख्खा हिवाळा गेला होता त्यात. नको, एवढं एक अक्षर तोंडातून काढायचं होतं. पण नको म्हणायचं म्हणजे मघाशी हो का म्हणालो तेही सांगायला हवं. समोरच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी शेजारीण हात थांबवून ऐकत होती.

"तुम्ही सांगाल तसं," बायको म्हणाली. "मी चुकले असेन तर नको म्हणा. मी डबा जागेवर ठेवते, आणि या विषयावर पुन्हा बोलायची नाही."

ती मनापासून बोलत होती. चष्मेवाल्यांना ते दिसत होतं. तिचा दुसरा हात बॉनेटवर सपाट टेकलेला होता, तापलेल्या कपाळावर ठेवावा तसा. दोन महिन्यांत तिचा जीव जडला होता त्या गाडीवर. एवढं दिसूनसुद्धा त्यांना दया आली नाही. आपल्याला ही बाई वाकवू बघते आहे, आणि तेही शेजारणीच्या देखत, हेच डोक्यात भिनलं.

"लाव," ते म्हणाले.

तिने डोळे मिटले, उघडले, आणि लावलं. पहिल्याच हाताला फडकं लाल झालं. रंग सुरकुतला, सायीसारखा गोळा होऊन आला, खालचा पत्रा दिसू लागला. तिने बॉनेट संपवलं आणि पुन्हा वर बघून विचारलं, दरवाजाला? ते बोलले नाहीत. न बोलणं म्हणजे हो, हे ती या घरात फार पूर्वी शिकली होती. तिने उजवा दरवाजा केला, मग डावा. चष्मेवाल्यांनी पांघरुणाचं टोक दातात धरलं. सगळं झाल्यावर तिने झाकण घट्ट लावलं, साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, आणि वर येऊन त्यांना अकराची गोळी दिली. पाण्याचा पेला धरला.

आता ही घरात बसेल, एवढी एक आशा उरली होती. रविवारी सकाळी ती रुमाल बांधून खाली उतरली, टप मागे दुमडला, त्याबरोबर ती पांढरी खिडकीही घडीत गेली, आणि तशी सोललेली गाडी घेऊन ती मेळाव्याला निघून गेली.

दुपारी फोन आला. दाढीवाले होते, आवाज खाली आणलेला, आजाऱ्याशी बोलतात तसा.

"चष्मेवाले, गाडी बघितली. वहिनी म्हणतात, डबा तुम्हीच सांगितला होता. खरं का?"

चष्मेवाल्यांच्या डोळ्यांपुढे सगळं मंडळ उभं राहिलं. खरं म्हणावं तर लोक म्हणतील, बायकोचा दुस्वास करून स्वतःची गाडी नासवणारा माणूस. खोटं म्हणावं तर सगळं ऐकलेली शेजारीण होती. मधली एकच वाट त्यांना दिसली आणि ती त्यांनी घाईघाईने धरली.

"सांगितला असेल," ते म्हणाले. "पडल्यापासून... विसरायला होतं हल्ली. डब्याडब्यांत गोंधळ झाला."

मग दाढीवाले हळहळले. मनापासून हळहळले, हेच वाईट. म्हणाले, होतं असं वयाने, लाजू नका, डॉक्टरांच्या कानावर घाला. रंगाचं काय ते मंडळ बघेल, सगळे मिळून देऊ पुन्हा, वहिनींशी बोलणं झालंय.

"फक्त एक करा," ते म्हणाले. "पाय बरा झाला तरी आता गाडीला हात लावू नका. उद्या ब्रेकचं काही विसरलात तर जीव जायचा कुणाचा तरी. किल्ली वहिनींकडेच राहू द्या. त्याही हेच म्हणाल्या."

चष्मेवाल्यांनी बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार?