चार बोटं सोडून

अप्पा गेले त्याच्या आदल्या दिवशी आमच्या बदामाने सगळी पाने एकदम खाली ठेवली. गाळली नाहीत, ठेवली. सकाळी मी चहाचे कप घेऊन मागच्या दारी आले तेव्हा झाड पूर्ण मोकळे होते आणि वीतभर लांबीची तांबडी पाने बुंध्याभोवती एकावर एक रचलेली होती. अप्पा पायरीवर बसून त्यांच्याकडे बघत होते.

“समजूतदार झाड आहे,” ते म्हणाले. “मला फार हिंडायला नको म्हणून.”

“मग आज बसूनच राहा.”

“बसून पाला पसरतात होय? कप ठेव तिथं आणि ये.”

अप्पांनी चौतीस वर्षे सरकारी मोजणीदार म्हणून लोकांच्या जमिनींवर साखळी ओढली. पण आमच्या साताऱ्याच्या घरामागच्या त्या खोलीभर जागेत त्यांनी कधी टेपही आणली नाही. तिथले माप म्हणजे त्यांचा हात. कॉलनीत माघ लागला की दारोदारी पाल्याचे ढीग पेटत. अप्पा काडी लागण्याआधी पोचायचे आणि तो पाला आणून आमच्या रोपांभोवती पसरायचे. मे महिन्यात सगळ्यांच्या कुंड्या वाळून जात, नळाला तीन दिवसांआड पाणी येई, आणि आमचे अळू हत्तीच्या कानासारखे डुलत असायचे. त्यांचा मला अभिमान वाटायचा. हे मी त्यांना कधी कळू दिले नव्हते.

त्या दिवशी ते पुन्हा शिकवत होते, जणू मी पहिल्यांदाच बघत होते. “बदामाचं पान सबंध टाकायचं नाही. त्यावरून पाणी पळतं. दोनदा फाड.” खाली शिरीषाचा बारीक पाला, वर बदामाचे तुकडे, शेवटी शेणकाल्याचा शिंतोडा. प्रत्येक रोपाच्या खोडाशी ते आपला पंजा आडवा लावत आणि तेवढी जागा उघडी ठेवत.

“चार बोटं सोडून. चिकटवलंस तर खोड कुजतं. त्यालाही श्वास घ्यायचा असतो.” मग त्यांनी वांग्याखालचा जुना थर दाखवला. “हात घालून बघ, शरू. अजून ओल आहे.”

“गांडुळं असतील.”

“असणारच. तुझ्या ओळखीची नसतील, एवढंच.”

ते हसले. मी हसले नाही, कारण मला तेजस्विनी आठवली. बावीस वर्षांपूर्वी, मी एकोणीस वर्षांची असताना, अप्पा माझ्या कॉलेजसमोर सायकल उभी करून आईच्या जुन्या लुगड्यात पाने भरत होते. माझ्या वर्गातली तेजस्विनी म्हणाली, “तो पानं गोळा करतोय तो कोण गं?” मी म्हणाले, “कोण जाणे.” अप्पा सहा पावलांवर होते. त्यांनी गाठ मारली, गाठोडे कॅरिअरवर चढवले आणि गेले. संध्याकाळी जेवताना म्हणाले, “कॉलेजपुढची पानं झकास आहेत. पण उद्यापासून मी मागच्या रस्त्यानं जाईन. तिकडं शिरीष जास्त आहे.”

माझे त्यांना एक वाक्य सांगायचे राहिले होते. बावीस वर्षे ते माझ्या तोंडात होते. त्या सकाळी ते पार ओठांपर्यंत आले.

“हात नंतर घालते,” मी म्हणाले.

“बरं. ओल कुठं जात नाही.”

दुसऱ्या दिवशी दुपारी ते जेवून आडवे झाले आणि उठले नाहीत.

चौदाव्या दिवसापासून घरात जे झाकलेले नव्हते ते सुकू लागले. आधी अप्पांच्या खुर्चीला भेगा पडल्या, आटलेल्या तळ्याच्या तळाला पडतात तशा. मग पातेल्यातले दूध तडकले. शेजारचे कुंभोजकर काका भेटायला आले. “तुझे वडील म्हणजे फार—” एवढे म्हणाले आणि पुढचे शब्द भुगा होऊन त्यांच्या शर्टावर पडले. काकूंनी तो पदराने झटकला.

“यांचं असंच होतं,” त्या म्हणाल्या. “घरी जाऊन पाणी पाजते.”

मी मागच्या दारातून पाने आणली. दोनदा फाडून खुर्चीवर पसरली. सकाळी खुर्ची मऊ झाली होती, भेगा मिटल्या होत्या. मग मी अंथरूण झाकले, देव्हारा झाकला, रेडिओ झाकला. रेडिओ खालून हळू आवाजात बातम्या देऊ लागला. अप्पांचे म्हणणे इतके खरे होते की मला पुन्हा पुन्हा थांबून बघावेसे वाटे. कपाटाच्या खणात गांडुळे आली. ती अप्पांच्या सदऱ्यांच्या घड्यांमधून जात, पण घडी मोडत नसत.

काकू डबा घेऊन आल्या तेव्हा उंबऱ्यातच थबकल्या. “अगं बाई, घरात पाला? लोक काय म्हणतील?”

“काकू, पाय वर घ्या.”

त्यांच्या पायांखाली मी दोन ओंजळी पसरल्या. त्यांनी पायाची बोटे पाल्यात रुतवली. “गार वाटतंय गं,” त्या म्हणाल्या. “वरनं अजून थोडा घाल.”

उरले ते वाक्य. ते अजून ओले होते, पण कडा वाळायला लागल्या होत्या. बोलताना टाळूला टोचत. ज्यांना सांगायचे ते नव्हते. म्हणून मी तेही झाकले. जिभेखाली शिरीषाची चिमूटभर पाने धरली आणि बोलणे बंद केले.

आता बदाम रोज सकाळी पाने घरातच ठेवू लागला. पहिल्या दिवशी घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत. मी सगळी फाडत होते, कारण सबंध पानावरून पाणी पळते. थर खिडक्यांना टेकला तेव्हा खोल्या आखडल्या. आधी मागची खोली पुढच्या खोलीत आली, मग पुढची खोली दाराच्या चौकटीत आली. मी त्या चौकटीत कंबरभर पाल्यात उभी राहिले. डाव्या हाताला दारावरची पाटी होती. अप्पांनी स्वतः रंगवलेली: र. वि. शेलार, मोजणीदार.

पाटी सुकू नये म्हणून मी तिला सुरुवातीलाच पाने लावली होती. घट्ट, अगदी लाकडाला चिकटवून.

ती पाने बाजूला केली तेव्हा ‘मोजणीदार’ राहिले नव्हते. बोट लावले तर लाकूड भिजल्या पावासारखे दबले. माझ्या डोळ्यांसमोर ‘र’ काळा पडला, मग ‘वि’. मी पंजा आडवा लावून पाला मागे सारला, चार बोटं सोडून. पण माझी चार बोटे म्हणजे त्यांची तीन. पाने पुन्हा घसरून पाटीला भिडत. मी सारत होते, ती भिडत होती. ‘शे’चा खालचा भाग गेला. पाला माझ्या छातीपर्यंत आला, मग गळ्यापर्यंत, मग हनुवटीला टेकला.

तेव्हा फाटकाशी तेजस्विनी आली. ती अजून एकोणीस वर्षांची होती. तिने वह्या छातीशी धरल्या होत्या आणि कॉलेजला जायच्या वाटेवर ती माझ्यासाठी थांबली होती. रस्त्याच्या पलीकडे अप्पा सायकल उभी करून पाने भरत होते. लुगडे आईचे, हिरवे. काम करताना ते इकडे बघत नव्हते. ओंजळ भरायची, हलकेच ठेवायची, दगड वेचून बाजूला टाकायचे. इतक्या जपणुकीने रस्त्यावरचा पाला उचलणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

“काय गं शरयू, चल ना,” तेजस्विनी म्हणाली. मग तिने मान वळवली. “तो पानं गोळा करतोय तो कोण गं?”

अप्पांनी लुगड्याची टोके हातात घेतली. सहा पावले होती.

मला तोंड उघडता येईना. श्वासही पानांना अडून परत येत होता. तेव्हा मी उजवा हात थरात खाली घातला, खांद्यापर्यंत. वरची पाने करकरीत होती, मग मऊ, मग पाने राहिलीच नाहीत. ओल होती. एक गांडूळ मनगटावरून गेले. त्याने काही विचारले नाही.

खालून दुसरा हात आला. अप्पा रस्त्यावर होते आणि त्यांचा हात इथे होता. तो माझ्या दंडाला धरून वर चढला, हनुवटीखाली आडवा झाला, आणि चार बोटे, रुंद, नखांत माती असलेली, माझ्या गळ्याभोवती फिरली. तेवढी पाने मागे सरली आणि तिथेच थांबली.

मी शिरीषाचा पाला थुंकून टाकला.

“ते माझे अप्पा आहेत,” मी म्हणाले, रस्त्यापलीकडे जाईल एवढ्या मोठ्याने.

तिकडे अप्पांचे दोन्ही हात गाठीवरच थांबले.