तेवीस अंश, पन्नास कला

मंगळवारी सकाळी साडेनऊच्या सुमाराला केतकी पुराणिक आपल्या जागेवरून चोवीस अंश सरकली. वडिलांना चहा द्यायला ती वाकली, दिगंबरअण्णांनी हात पुढे केला, कपाचा कान धरला, तर बोटांत हवाच आली. केतकीने कप सोडला आणि तो दीड वीत उजवीकडे फरशीवर पडून फुटला.

केतकी दिसत होती एकीकडे आणि होती दुसरीकडे, एवढाच काय तो प्रकार. ताप नाही, चक्कर नाही, बोलणं शुद्धीवरचं. आवाज मात्र जिथे दिसायची तिथून यायचा. शालनताईंनी आधी देवापुढे साखर ठेवली आणि मग लेकीच्या शाळेतल्या कंपासपेटीतून कोनमापक शोधून काढला. बाई मोठी खंबीर, रडायचं ते काम उरकल्यावर. अण्णांच्या बैठ्या मेजापासून त्यांनी खडूने दोन रेघा ओढल्या, एक दिसणाऱ्या केतकीपर्यंत आणि एक हाताला लागणाऱ्या केतकीपर्यंत. मधला कोन चोवीसाला किंचित कमी भरला. स्वयंपाकघरात मोजला, तेवढाच. मागच्या अंगणात मोजला, तरी तेवढाच.

आता कोन तेवढाच म्हणजे काय झालं, ते नीट ऐका. मेजाजवळ दोन केतक्यांमध्ये दीड वीत अंतर, स्वयंपाकघरात चार फूट, अंगणात दहा फूट. पोरगी बापापासून जितकी लांब जाईल तितकी ती स्वतःपासून लांब जायची. तिचं अंग दाराने जायचं तेव्हा दिसणारी केतकी भिंतीतून जायची. दोन दिवसांत घरातल्यांना त्याची सवय झाली, आणि शालनताई ताट वाढायच्या ते रिकाम्या पाटासमोर.

हे कशाने झालं ते घरात एकट्या अण्णांना ठाऊक होतं.

त्या सकाळी शालनताईंचे भाऊ बापूमामा लातूरहून आले होते. माणूस हौशी, आणि हातात नवा फोन. पुराणिकांच्या घरचा दंडक असा, की घरच्या मुलीची पत्रिका बाहेरच्या कुणी मांडायची नाही. सगळी बार्शी ज्यांच्याकडे पत्रिका करायला येते, त्यांच्या लेकीची दुसऱ्याने मांडायची म्हणजे हसंच की! पण मामांना कसला दंडक? त्यांनी भाचीची जन्मतारीख आणि वेळ फोनमध्ये घातली, पत्रिका छापून आणली आणि अण्णांच्या मेजावर जुन्या पत्रिकेशेजारी ठेवली.

"दाजी, फोन म्हणतोय पोरीला मंगळच नाही."

दोन कागदांच्या कडा एकमेकींना लागल्या, आणि तेव्हाच केतकी चहा घेऊन आली.

अण्णांनी नुसती नजर टाकली आणि त्यांना आपली चूक कळली. पाश्चात्य ज्योतिषी आपली मेष रास वसंत संपातापासून मोजतात, मार्चमध्ये दिवस-रात्र सारखे होतात तिथून. आपण ती ताऱ्यांवरून मोजतो. सतराशे वर्षांपूर्वी दोन्ही आरंभ एकाच जागी होते. मग संपात मागे मागे सरकत गेला, बहात्तर वर्षांत एक अंश, आणि आता त्यांच्यात जवळपास चोवीस अंशांची फट पडलीय. त्या फटीला अयनांश म्हणतात; केतकीच्या जन्मवेळी ते तेवीस अंश, पन्नास कला होते, कला म्हणजे अंशाचा साठावा भाग. परदेशी पंचांगातून ग्रह घेतले की तेवढे अंश वजा करायचे, मग ते आपले होतात. ज्योतिषाचं पहिल्या आठवड्यातलं शिक्षण हे. अण्णांनी हजारो पत्रिकांत ते डोळे मिटून केलं होतं.

लेक झाली त्या दुपारी हाताशी परदेशी पंचांग होतं. आनंदात घाई होती. पेढे आणायचे होते, बहिणीला तार करायची होती. अण्णांनी ग्रह उतरवून घेतले आणि वजाबाकी करायची राहिली.

त्या पत्रिकेत तूळ रास उगवती आली आणि मंगळ आठव्या घरात बसला. वजाबाकी केली असती तर उगवती रास कन्या झाली असती आणि तोच मंगळ नवव्यात, भाग्यात गेला असता. आठव्यातल्या मंगळापायी सहा वर्षांपूर्वी अण्णांनी तुळजापूरच्या विश्वजित कदमांना दारातून परत पाठवलं होतं. शाळामास्तर होते, शांत माणूस. केतकीने स्वतः त्यांना घरी आणलं होतं. अण्णा तेव्हा म्हणाले, "तुझा मंगळ त्या पोराला खाईल. उद्या रडत येशील माझ्याकडे." केतकी दोन दिवस जेवली नाही, आणि तिसऱ्या दिवसापासून तिने तो विषय काढला नाही.

"फोनला काय कळतंय?" अण्णा मामांना म्हणाले, आणि नवा कागद मेजाच्या खणात सारला.

गुरुवारी केतकी कामावर गेली. गावातल्या वाचनालयात ती पुस्तकं द्यायची. वाचनालय घरापासून अर्ध्या किलोमीटरवर, म्हणजे दोन केतक्यांत दोनशे मीटरचं अंतर पडलं. वाचनालयाच्या खुर्चीत कुणी नव्हतं आणि पुस्तकं आपोआप पुढे येत होती. तिकडे डाळमिलमध्ये तुरीच्या ढिगाच्या मधोमध केतकी बसलेली दिसत होती आणि "पावतीवर सही करा" म्हणत होती. हमाल पोती टाकून बाहेर पळाले. दुपारी वाचनालयाचे चिटणीस खुर्चीकडे तोंड करून म्हणाले, "बाई, तुम्ही काही दिवस येऊ नका." मग तेच सांगायला ते डाळमिलपर्यंत चालत गेले, कारण उत्तर तिथून येणार होतं.

"बरं," केतकी म्हणाली.

शुक्रवारी तिला गल्ली बंद झाली, कारण कोपऱ्यावर स्कूटरवाल्याने दिसणाऱ्या केतकीला चुकवलं आणि खऱ्या केतकीला धडक दिली. शनिवारी अंगण बंद झालं, तिथे आड होता. सोमवारी गॅसजवळ तिची ओढणी पेटता पेटता राहिली आणि शालनताईंनी स्वयंपाकघरही बंद केलं. राहिली ती मेजाजवळची सतरंजी. तिथे बापाच्या गुडघ्याला गुडघा लावून बसली की केतकी जिथे दिसायची तिथेच असायची.

आणि खरं सांगू का? अण्णांना ते गोड लागलं. भीती होती, लाज होती, रात्री डोळ्याला डोळा लागत नव्हता, हे सगळं खरं. पण अठ्ठावीस वर्षांची लेक लहानपणीसारखी शेजारी बसून सुपारी कातरून देतेय म्हटल्यावर त्यांचं मन निवायचं. बाहेर गेली असती तर काय, तुळजापूरला दोन केतक्यांमध्ये वीस-पंचवीस किलोमीटर पडले असते, असं ते स्वतःला समजवायचे.

बुधवारी केतकीने विचारलं, "अण्णा, माझ्या पत्रिकेत अयनांश वजा केले होते ना?"

"म्हणजे काय! केले होते."

"नक्की?"

"तू मला शिकवणार का आता?"

केतकीने सुपारी त्यांच्या तळहातावर ठेवली आणि ती तळहाताशेजारी सतरंजीवर पडली. अण्णांनी लेकीच्या गुडघ्यावर हात ठेवला. गुडघा दिसत होता, तिथे नव्हता. त्यांनी आजूबाजूला चाचपलं, सतरंजीभर चाचपलं. मेजाच्या खालीसुद्धा ती हाताला लागली नाही.

"कुठायस गं?"

"मला पण लागत नाहीये मी," केतकी म्हणाली. तिचा आवाज तेवढा घाबरलेला होता.

अण्णांचा बांध फुटला. म्हातारा माणूस हुंदके देऊन रडला. "राहिली गं. वजाबाकी राहिली माझ्याकडून. तुझं वाटोळं केलं मी. त्या पोराला मीच घालवलं."

 केतकीला राग आला होता आणि तो तिने लपवला नाही.

"सहा वर्षं," ती म्हणाली. "आता करा."

अण्णांनी पेन्सिल घेतली आणि परदेशी पंचांगातले आकडे कागदाच्या डाव्या बाजूला उतरवले. रवीतून तेवीस अंश, पन्नास कला वजा केल्या. दारात चपला वाजल्या. चंद्रातून वजा केल्या. स्वयंपाकघरात एक बाई हसली, अगदी केतकीसारखी, फक्त जरा जाड आवाजात. मंगळातून वजा केल्या, तेव्हा शालनताईंचा आवाज आला, "जावईबापू, चहात साखर चालते ना?" आणि एक शांत पुरुषी आवाज म्हणाला, "चालते की."

अण्णा थांबले.

"थांबू नका," केतकी म्हणाली. ती अजून समोर दिसत होती, पण तिच्या ओढणीतून भिंतीवरचं घड्याळ वाचता येत होतं.

बुध, गुरू, शुक्र, शनी झाले. राहू झाला, त्याच्याबरोबर केतू झाला. शालनताई पदराला हात पुसत बाहेर आल्या. त्यांचा चेहरा फुललेला होता, असा अण्णांनी सहा वर्षांत पाहिला नव्हता.

"अहो, कुणाशी बोलताय एकटेच? केतकी केव्हाची आलीय. भेटा तरी लेकीला. बसची दगदग झालीय तिला."

"ही इथे कोण बसलीय मग?" अण्णांनी विचारलं.

शालनताईंनी सतरंजीकडे पाहिलं. "कुठे कोण?" त्या म्हणाल्या, आणि ताटं घ्यायला आत गेल्या.

केतकीने मान खाली घातली. बापाची चूक तिने सहन केली होती, आईची नजर तिला सहन झाली नाही. तिचे डोळे भरून आले आणि पाणी कुठे पडलं ते कळलं नाही.

"काय राहिलं?" तिने विचारलं.

"उगवती रास. ती म्हणजे देह."

"माझा का तिचा?"

 अण्णांनी पेन्सिल खाली ठेवली. "मी नाही करणार. राहू दे असंच. तू बस इथे, मी बघत जाईन तुला. मला दिसतेस ना तू!"

"तुम्हाला दिसून काय करू, अण्णा?"

तेवढ्यात आतून चार वर्षांची मुलगी धावत आली. नाक केतकीचं, कपाळ विश्वजितचं. "आबा, मला पण लिहायचंय," म्हणत ती सतरंजीवर आली आणि सरळ केतकीच्या मांडीत बसली. स्वतःला लागेनाशी झाल्यापासून पहिल्यांदा केतकीच्या अंगाला काहीतरी लागलं. तिने श्वास घेतला. पोरगी पडू नये म्हणून तिला दोन्ही हातांनी घट्ट धरलं, आणि तिच्या केसांना नाक लावून तशीच बसून राहिली.

मुलीने मेजावरची पेन्सिल उचलली. "काय लिहू?"

अण्णांनी तिचा हात धरला, थांबवायला. वरून केतकीने दोघांचे हात धरले.

"तेवीस लिही, बाळा," ती म्हणाली.

मुलीने कुणाचं ऐकलं कोण जाणे. जीभ बाहेर काढून, जोर लावून तिने दोन काढला. आतून अण्णांना जेवायला हाका येत होत्या, लेकीची हाक सगळ्यात मोठी. मांडी घातलेली केतकी गुडघ्यांपर्यंत विरून गेली होती, आणि पेन्सिल तीनच्या पहिल्या वळणावर होती.