मोठ्या स्क्रीनचा लॅपटॉप

घरात तिला वकीलबाई म्हणत. वकिलीतलं ती काडीचंही शिकली नव्हती. पदवी घेतली होती अर्थशास्त्राची, आणि ती हातात पडून जेमतेम महिना झाला होता. पण वाद घालायची हौस लहानपणापासूनची. सहा वर्षांची असताना झोपायची वेळ नऊची की साडेनऊची यावर तिने सगळं घर साडेदहापर्यंत जागं ठेवलं, आणि तेव्हा हे नाव चिकटलं ते चिकटलंच. जन्मापासून तिला दिसत नव्हतं. त्याची भरपाई देवाने जिभेत केली, असं वडील म्हणत. भरपाई जरा जास्तच झाली, असं आई म्हणे.

नोकरीही तिला साजेशीच लागली होती. एका विमा कंपनीच्या तक्रार विभागात लोकांची गाऱ्हाणी वाचायची आणि त्यांना उत्तरं लिहायची. "आजवर फुकट भांडली, आता पगार घेऊन भांडणार," असं वडील भेटेल त्याला सांगत सुटले होते. सोमवारपासून काम सुरू होणार होतं. आठवड्यातले चार दिवस घरून, आणि पहिले तीन महिने लॅपटॉप स्वतःचा. कंपनीची आणखी एक अट होती. लोकांच्या पत्रांत त्यांची आजारपणं असतात, घरातले तंटे असतात, म्हणून ती पत्रं दुसऱ्या कुणीही बघायची नाहीत. शेजारी बसून कुणी वाचून दाखवतंय असं कळलं, तर नोकरी गेलीच म्हणून समजायचं. वकीलबाईने त्यावर सही केली होती आणि घरी दोनदा सांगितलंही होतं. घरच्यांनी ते या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं, हे तिला लॅपटॉपच्या दुकानात गेल्यावर कळलं.

वडील दुकानांच्या पाट्या रंगवत. तीस वर्षं ब्रश हातात धरून त्यांचं एक मत पक्कं झालं होतं. वस्तू घ्यायची तर आधी डोळे भरून बघायची. दुकानाच्या तीन पायऱ्या चढतानाही त्यांनी मान वर करून पाटीवर ताशेरे ओढलेच.

"अक्षरं बघ कशी कोंबलीत! शेवटच्या अक्षराला श्वास घ्यायला जागा नाही."

"बघितली," वकीलबाई म्हणाली. "फारच कोंबलीत."

आई फिसकन हसली. वडिलांना त्यातली गंमत काचेचं दार ढकलून आत गेल्यावर कळली.

आत थंडगार होतं आणि नव्या प्लास्टिकचा वास होता. पुदिन्याच्या गोळीचा वास घेऊन एक आवाज पुढे आला. हा विक्रेता. "या साहेब, या! तुमचा पीस काढून ठेवलाय. फक्त बॅगेत घालायचाय."

"तुमचा पीस म्हणजे?" वकीलबाईने विचारलं.

"काल कामावरून येताना मी बघून गेलो," वडील म्हणाले. त्यांच्या आवाजातला आनंद लपत नव्हता. "स्क्रीन केवढी मोठी आहे! आणि लाल रंग काय दिसतो! नाहीतर स्क्रीनवरचा लाल नेहमी पिवळट मारतो. यातला लाल डब्यातून आत्ता काढल्यासारखा."

"पण बाबा, तो लाल बघणार कोण?"

"आई आहे की. तिला आताशा बारीक अक्षर दिसत नाही. शेजारी बसून वाचायचं तर मोठंच हवं ना?"

वकीलबाई आईच्या दिशेने वळली. आई दवाखान्यात केसपेपर लिहायला जायची, गेली अकरा वर्षं. "मी डॉक्टरीणबाईंना सांगून टाकलंय," आई म्हणाली. "एक तारखेपासून येत नाही म्हणून. तुझ्या कामाच्या वेळा नि माझ्या वेळा जमल्या नसत्या."

म्हणजे दोघांनी बसून सगळं ठरवलं होतं. लॅपटॉप निवडला होता, माणूसही निवडला होता, आणि तिला इथे आणलं होतं ते डब्यावर हात फिरवायला. कॉलेजची सगळी वर्षं आईने पुस्तकं मोठ्याने वाचली होती. मागणी-पुरवठ्याचे नियम आईला इतके पाठ होते की परीक्षेला बसली असती तर तीही पास झाली असती. कॉलेजच्या लॅबमध्ये वकीलबाई स्क्रीनवरचं सगळं बोलून दाखवणाऱ्या कॉम्प्युटरवर एकटी तासन्‌तास काम करायची, पण ते घरच्या कुणी पाहिलेलं नव्हतं. तिचा फोन बोलतो हे त्यांना माहीत होतं. पण फोन म्हणजे खेळणं आणि काम म्हणजे काम, असा वडिलांचा हिशेब.

तिला राग आला. मग भीती वाटली. हे सगळं प्रेमाने चाललं होतं, आणि दुष्टाव्याशी भांडणं सोपं असतं, प्रेमाशी भांडताना हात आखडतात. तिने हात आखडू द्यायचा नाही असं ठरवलं.

"हा नको," ती म्हणाली. "दुसरे दाखवा."

"साहेब," विक्रेता वडिलांना म्हणाला, "मॅडमना काय आवडलं नाही? रंग का?"

"मॅडम इथेच उभ्या आहेत. त्यांना तोंड आहे."

"त्याबद्दल वादच नाही," आई पुटपुटली.

"तसं नाही मॅडम," विक्रेता गडबडला. "पण यावर बॅग फ्री आहे. वर माऊस पण फ्री. म्हणजे बघा, आंधळा मागतो एक..."

आणि तो थांबला. पुदिन्याची गोळी दाताखाली कडकन फुटली.

"डोळा," वकीलबाई म्हणाली. "आणि देव देतो दोन. पूर्ण करा की! मला सगळ्या पाठ आहेत. दळण्याची आहे, कुत्रा पीठ खातो ती. पण मी डोळा मागायला आलेच नाही इथे. मला बाणांची बटणं हवीत. चारही बाजूंची, पूर्ण आकाराची."

"बाणांची बटणं," विक्रेता म्हणाला. एवढ्या वर्षांत त्याच्याकडे हे कुणी मागितलं नसावं.

ती टेबलाच्या कडेने निघाली आणि एकेका कीबोर्डवर बोटं टाकत गेली. पहिल्यावर वर-खालचे बाण अर्धे कापलेले होते. दुसऱ्यावर मशीन बंद करायचं बटण खोडायच्या बटणाला चिकटून होतं. अक्षर खोडायला जावं आणि अख्खं मशीन झोपावं. तिसऱ्याला तिने कान लावला.

"हा घोरतोय."

"पंखा आहे मॅडम. एकदम नवीन मॉडेल आहे."

"घोरायला वय लागत नाही. मी दिवसभर ऐकून काम करणार. माझ्या कानाशी कुणी घोरलेलं चालायचं नाही."

मोठ्या स्क्रीनच्या त्या लॅपटॉपलाही तिने न्याय दिला, हात न लावता नाकारलं असं नको. त्याची बटणं इतकी सपाट होती की बोट एका बटणावरून दुसऱ्यावर कधी घसरलं ते समजेना. शेवटी अगदी कोपऱ्यात एक जाडजूड मशीन हाताला लागलं. बटणांना मधोमध खोलगट खळी होती. दोन बटणांवर बोटांना घर सापडावं म्हणून नीट उंचवटे होते. बाण बाजूला, ऐसपैस. इअरफोनचं भोकही जागेवर. तिने बोटं ठेवली आणि खांदे आपोआप खाली आले.

"हा."

"हा?" वडिलांना धक्काच बसला. "हा राखाडी डबा? अगं, याचे रंग बघ, सगळे चार वेळा धुतल्यासारखे. आणि चौकट केवढी! मध्ये स्क्रीन शोधावी लागतेय."

"शोधू नका. ती लागणारच नाहीये."

"लोक म्हणतील, बापाने पोरीला ऑफिसातला टाकाऊ डबा आणून दिला. विकत मी घेतोय ना? मग चांगलाच घेणार."

"मग घ्या चांगला, आणि सोमवारपासून नोकरीही तुम्हीच करा."

"अहो, हळू बोला," आई म्हणाली. "दोघंही."

पण वकीलबाई आता हळू बोलणार नव्हती. "बाबा, मी सही केलीय. आईने एक पत्र वाचलं तरी माझी नोकरी गेली."

"घरात कोण बघायला येतंय? आणि आई काय परकी आहे?"

"मला नाही. पण उद्या जी बाई आपल्या गर्भपाताबद्दल कंपनीला लिहील, तिला परकीच आहे. ती ते मला लिहील, माझ्या आईला नाही."

चौकात उभं राहून पाट्यांवर वाद घालणाऱ्या वडिलांनी त्या शब्दाला मात्र बगल दिली. मग त्यांनी शेवटचा मुद्दा काढला. "एवढी खात्री आहे ना? मग दाखव लिहून. इथे, आत्ता. एखादी तक्रार लिही. हवं तर माझीच लिही."

"स्टूल द्या," वकीलबाई विक्रेत्याला म्हणाली.

ती बसली आणि तीन बटणं एकदम दाबली. लॅपटॉप बोलू लागला. तिने त्याचा वेग वाढवला, अजून वाढवला, इतका की शब्दांचं नुसतं भुरभुर पीठ व्हायला लागलं.

"मॅडम, अडकलंय वाटतं," विक्रेता म्हणाला. "दुसरा पीस लावू का?"

"अडकलं नाही. तुम्ही हळू ऐकता." तिने स्वतःच्या पिशवीतून इअरफोन काढून लावले. मग एक बटण दाबून धरलं, आणि स्क्रीन काळी झाली.

"गेली स्क्रीन!" वडील ओरडले.

"मी घालवली. बॅटरी जास्त चालते."

आणि ती लिहायला लागली. बटणांचा आवाज जाड आणि भरघोस होता. तिच्या मागे तीन माणसं काळ्या काचेकडे बघत उभी राहिली. आई चष्मा वर-खाली करत होती. चष्म्याच्या साखळीचा आवाज वकीलबाईला एका इअरफोनच्या कडेने येत होता. दोनदा आई पुढे वाकली, आणि दोनदा मागे झाली. पाच मिनिटं गेली, सात गेली. वडिलांनी पाय बदलला.

"लावा हो स्क्रीन," ते विक्रेत्याला म्हणाले. "बघू तरी."

विक्रेत्याचा हात पुढे आला. पुदिना जवळ आला तशी तिने बटणांवर तळहात आडवा ठेवला. "हात नको."

"मग बरोबर लिहिलंय हे कळणार कसं?" वडिलांनी विचारलं.

"वाचून दाखवते की!" आणि कानात ऐकत ऐकत तिने वाचलं. "माननीय दुकानमालक, आपल्या विक्रेत्याने माझा आवडता रंग माझ्या वडिलांना विचारला. तसंच एक म्हण अर्ध्यात टाकून दिली. मात्र स्टूल मागताच ताबडतोब दिलं, हे लक्षात घेता त्याचा पगार कापू नये. दुसरी तक्रार माझ्या वडिलांविरुद्ध. त्यांनी मला न विचारता लॅपटॉप निवडला. त्यांचा लाल रंगाबद्दलचा अनुभव मोठा आहे, परंतु या प्रकरणी तो गैरलागू आहे. सबब अर्ज फेटाळण्यात येत आहे."

विक्रेता हसू दाबत होता. ते दाबणं ऐकू येत होतं. वडिलांनी घसा खाकरला. "'गैरलागू' चांगलं आहे," ते म्हणाले. हरताना माणूस एखाद्या शब्दाचं कौतुक करतो, तसं.

"एवढंच?" आईने विचारलं. "एवढ्याला सात मिनिटं? तू बराच वेळ लिहीत होतीस."

"पुढेही आहे."

"मग वाच की."

"नाही."

"का गं?"

"ते माझं आहे."

शाळेतले निबंध, मैत्रिणींना धाडलेली पत्रं, भांडून लिहिलेल्या आणि मग फाडलेल्या चिठ्ठ्या, बावीस वर्षांत वकीलबाईने कागदावर उतरवून घेतलेलं एकही अक्षर आईच्या नजरेखालून गेल्याशिवाय राहिलं नव्हतं. एखाद्या पोराने प्रेमपत्र धाडलं असतं तर तेही आईनेच वाचून दाखवलं असतं, विरामचिन्हांसकट.

"मी तुझं सगळं वाचलंय आजवर," आई शेवटी म्हणाली.

"माहितेय, आई. पण आता नको."

वकीलबाईने शब्द मागे घेतले नाहीत. लिहिलेलं सगळं तिने एकदम निवडलं आणि खोडून टाकलं. काय होतं ते तुम्हीही विचारू नका.

"बांधा हा डबा," वडील विक्रेत्याला म्हणाले. "आणि तो माऊस राहू द्या तुमच्याकडेच."

विक्रेता खोकं आणायला आत गेला. वकीलबाई स्टुलावरच बसून होती. आई दाराजवळ गेली, पिशवीत काहीतरी शोधत राहिली, आणि मग फोन लावल्याचा आवाज आला.

"डॉक्टरीणबाई, मी बोलतेय. ते एक तारखेचं... दुसरी बाई ठेवली नाही ना अजून? मग नका ठेवू. मी येतेय." आई थांबली. पलीकडून काहीतरी विचारलं असावं. "नाही हो, तिचं तिला येतं. आत्ताच बघितलं मी." आणि मग आई हसली की रडली ते वकीलबाईच्या कानांनाही नीट कळलं नाही. "म्हणजे, बघूच दिलं नाही तिने मला काही. पण येतं."