मसणवट्यातलं बी

भागम्मानं तुरीच्या बियाण्याचं गाडगं दोन्ही पायांमध्ये धरलं, तोंडाशी घातलेली राख बाजूला सारली आणि हात तिथंच थांबवला. आधी माझं नाव वाचून दाखव, मग बी, असं तिनं समोर बसलेल्या कृषी संशोधक डॉ. व्यंकटरावांना बजावलं.

मागणं रास्तच होतं. नऊ वर्षांपूर्वी याच ओसरीवरून व्यंकटराव शेरभर बी घेऊन गेले होते, तुझं नाव छापून आणतो म्हणून. ते इकडच्याच ठाणाकुशनूर गावचे, म्हणजे काही परके नव्हेत. तिला अक्का म्हणत. तिनंही हातचं न राखता सगळं सांगून टाकलं होतं. तिच्या शेताच्या एका कोपऱ्यात मर रोगानं तूर उभ्या उभ्या वाळायची. तिथं पेरू नको, असं सगळा गाव म्हणायचा. ही मुद्दाम तिथंच पेरायची. त्या कोपऱ्याला तिनं मसणवटा असं नाव ठेवलं होतं. त्यात जी चार-दोन झाडं तगायची, तेवढ्यांचंच बी पुढच्या साली पुन्हा मसणवट्यातच. असं सतरा वर्षं.

त्याच्यावर व्यंकटरावांचा शोधनिबंध उभा राहिला. देशोदेशीच्या तीनशे बारा निबंधांनी त्याचा संदर्भ घेतला. साहेब प्राध्यापक झाले, ठिकठिकाणी सत्कार झाले. निबंधात भागम्मा मात्र नव्हती. बी कुठलं, तर मादन हिप्परगा परिसरातल्या रस्त्याकडेच्या एका शेतातलं. रोगट जमिनीत मुद्दाम पेरून निवड करायची रीत कुणाची, तर लेखकाची. तिचं नाव घातलं असतं, तर रीतही तिचीच का, असं कुणीतरी विचारलं असतं. ते त्यांना नको होतं, इतकी साधी गोष्ट. आता संस्थेच्या कोठारात त्या बियाण्यात भेसळ झाली, बाहेरचे लोक पडताळ्यासाठी मूळ बी मागू लागले, तेव्हा कुठं साहेबांना अक्का आठवली.

निबंध इंग्रजीत आणि अक्काला अक्षरओळख नाही. व्यंकटरावांनी घसा साफ केला आणि ओळींवरून बोट फिरवत मराठीत वाचायला लागले. मादन हिप्परग्याच्या भागम्मा यांनी सतरा वर्षं जपलेलं हे वाण, त्यांच्याच हातची ही निवड... कागदावर नसलेली वाक्यं अशी सरसर जुळत गेली की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. हेच नऊ वर्षांपूर्वी लिहायला काय धाड भरली होती?

भागम्मा ऐकता ऐकता पदर नीट करत होती, कुणी फोटो काढत असल्यासारखी.

"आन् मसणवटा? त्ये लिवलास का न्हाई?"

"लिहिलंय की, अक्का."

तेवढ्यात तिची नात चहा घेऊन आली. ही दीपमाला, कलबुर्गीला शेतकी कॉलेजात शेवटच्या वर्षाला हाय, भागम्मानं कौतुकानं सांगितलं. दीपमालानं कप खाली ठेवला आणि त्यांच्या खांद्यामागून कागदाकडं पाहिलं. ती बघत नव्हती, वाचत होती. व्यंकटरावांचं बोट होतं त्या ओळीवरच अडकलं. चोरी पकडली गेल्यासारखं त्यांना वाटलं, आणि चोरी तर त्यांनी केलीच होती.

"दीपा, कुठं हाय गं माझं नाव? माझं बोट ठिव की त्याच्यावर."

पोरीनं आता बोलून टाकावं, निदान सुटका तरी होईल, असं व्यंकटरावांना वाटलं. दीपमालानं त्यांच्या हातातून निबंध घेतला, पहिलं पान काढलं आणि आजीचं बोट धरून मथळ्याखालच्या ठळक अक्षरांवर ठेवलं. तिथं व्यंकटरावांचं स्वतःचं नाव होतं.

"हे बघ आज्जी. हे तुझंच."

भागम्मानं या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट हळूहळू फिरवलं.

"यवढं मोठं लिवलास व्हय रे," ती म्हणाली. मग तिनं गाडगं कलतं केलं आणि मागितलं होतं त्याच्या दुप्पट बी त्यांच्या रुमालात ओतलं.

व्यंकटराव रुमालाला गाठ मारायला गेले, पण ती काही केल्या बसेना. शेवटी दीपमालानंच ती मारून दिली.

"चहा घ्या सर," ती म्हणाली. "निवायलाय."